कोंडूची कवळी

५ मार्च, बुधवार

आजपासून इस्टरआधीचा उपवासकाळ लागला. लोणावळ्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळात नव्या पाळकानं आमा बायकांना एकेक वही वाटली. शंभर पानी, वर गुलाबाचं चित्र. म्हणला, चाळीस दिवस यात देवाबद्दल लिवा, तुमाला जसा वाटतो तसा. शुद्धलेखन बघू नका. ही वही तुमची आन् देवाची. तिसरं कोण उघडणार न्हाई, मी बी न्हाई.

पाळकाचं नाव सुहास. वय तीस. पुण्याला शिकून आलाय, गिटार वाजवतो, देवाशी बोलतो ते वर्गातल्या पोराशी बोलल्यासारखं. पोरगा वाईट न्हाई.

माझी शाळा चौथी. ती बी बाप मिशनच्या दवाखान्यात माळी व्हता म्हणून झाली. त्या चौथीवर शास्त्र वाचते, आन् शनवार-रविवारी भाज्याच्या लेण्यांच्या पायऱ्यांखाली काकड्या आन् ताक विकते.

लिवायला बसले तर पयली गोष्ट ही ध्यानात आली की हितं नवऱ्याचं नाव लिवता येतं. तोंडानं चाळीस वर्षांत घेतलं न्हाई. कोंडू. देवळाच्या रजिस्टरात याकोब व्हता, पण याकोब म्हणून कुणी हाक मारली तर मागं वळून बघायचा, दुसरं कोण आलंय का म्हणून. कोंडू. कोंडू. बास आता. वही देवाची हाये.

७ मार्च, शुक्रवार

बायकांच्या प्रार्थनेत पाळकानं विचारलं, तुमचा देव हसतो का. 

झुंबरबाई म्हणली, हसायला वेळ कुटं त्याला, तो लिवत असतो. तिचा देव पोलीसपाटलासारखा, वही घेऊन दारात उभा, कोण कधी आलं, कोण कधी गेलं. तिला तसा का पायजे ते मला ठाऊक हाये. सुनेचं सगळं त्यानं लिवून ठेवावं म्हणून.

जुन्या पाळकाचा देव स्टेशनमास्तर व्हता. पांढरी कापडं, हातात झेंडी, गाडी आली न् गेली एवढंच बघणार, कुणाशी बोलणं न्हाई. या नव्याचा देव कायम हसरा, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या माणसासारखा. आन् माझ्या राजेंद्रचा देव सायब. राजेंद्र कारखान्यात सुपरवायझर, देवळाच्या मंडळीचा चिटणीस, देवळात बाजाची पेटी तोच वाजवतो. त्याचा देव सकाळी सातला गेटवर घड्याळ बघत उभा ऱ्हातो.

माझी पाळी आली तवा मी म्हणलं, हसतो की. लय हसतो. फक्त आपण हसत असतो तवा हसत न्हाई.

बायका हसल्या. पाळक हसला न्हाई. माझ्याकडं बघत ऱ्हायला. नंतर म्हणला, "मावशी, हे नक्की लिहा."

१२ मार्च, बुधवार

लिवा म्हणला तर लिवते.

माझा देव ओट्यावर बसतो, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. हाक मारली की पयल्या हाकेला ओ देत न्हाई. ऐकू सगळं येतं, पण ऐकत न्हाई. वस्तू लपवतो. विळी, एका पायाची चप्पल, चष्मा. मी शिव्या दिल्या की जिथं दोनदा बघून झालं तिथंच आणून ठेवतो. मंग मान खाली घालून हसतो, तोंड मिटून, नाकातनं. मागितलेलं देतो, देत न्हाई असं न्हाई, पण वेळ अशी साधतो की आपली फजिती झाली पायजे. पाऊस मागावा तर वाळवण घातलं की.

राजेंद्रला सांगितलं तर म्हणला, "आई, देव असा टवाळ नसतो."

मी म्हणलं, "तुला काय माहीत. तुझी त्याची ओळख ऑफिसातली."

कोंडूनं एकदा माझा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला आन् अख्खा दिवस माझ्याबरोबर शोधत फिरला. आता हे कशाला लिवलं. पाळकानं देवाबद्दल लिवा म्हणलंय.

२१ मार्च, शुक्रवार

आज पाळकानं शास्त्रातल्या त्या नव्वदीच्या म्हातारीची गोष्ट काढली. तिला पोर व्हईल असं देवानं सांगितलं, तर ती तंबूच्या दारामागं उभी ऱ्हाऊन मनातल्या मनात हसली. देवानं विचारलं, ही का हसली? ती घाबरली. म्हणली, मी हसले न्हाई. देव म्हणला, न्हाई, तू हसलीस.

बास. पुढं काय न्हाई. शिक्षा न्हाई, उपदेश न्हाई.

झुंबरबाईचं म्हणणं, देव चिडला व्हता. मी म्हणलं, चिडलेला माणूस एवढ्यावर थांबतो व्हय? चिडला असता तर पोर दिलं असतं का? न्हाई, तू हसलीस. हे ओट्यावर बसून बोललेलं बोलणं हाये.

३० मार्च, रविवार

काकड्या कडू निघाल्या. पुण्याच्या पोरींनी पायऱ्या उतरून परत आणून दिल्या. देवाला म्हणलं, निदान उपवासाचे दिवस तरी जरा गंभीर ऱ्हा.

४ एप्रिल, शुक्रवार

कुणालाच सांगितलं न्हाई ते आज लिवते. वही देवाची, आन् त्याला तर ठाऊकच हाये.

कोंडू सहा वर्षांमागं तळेगावला दवाखान्यात गेला. रेल्वेत गँगमन, मळवलीच्या रुळांवर जन्म काढला आन् मेला गादीवर, छातीत पाणी होऊन. घरी आणला तवा तोंडात कवळी नव्हती. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं. राजेंद्रनं दवाखान्यात जाऊन दंगा केला, वॉर्डातल्या आयाला चोर म्हणला. कवळी मिळाली न्हाई. मी पहाटे चुलीपुढं बसून देवाशी भांडले. म्हणलं, हा माणूस तुझ्यापुढं बोळकं घेऊन येणार, तुला शोभतं का? तेवढी कवळी दे, दुसरं काय मागत न्हाई.

दुपारी कोंडूची पेटी मधल्या खोलीत ठेवली. सगळी मंडळी दाटलेली. जुना पाळक म्हणला, रतनबाई, मेंढपाळाचं स्तोत्र तुमीच वाचा. मी पिशवीतनं चष्म्याचं घर काढलं आन् उघडलं.

आत चष्मा न्हाई. कवळी. वरची न् खालची दोन्ही, माझ्याकडं बघून दात काढत. आन् चष्मा माझ्या कपाळावर.

मला हसू फुटलं. पोटातनं आलं, थांबंना. पदर तोंडात कोंबून खाली बसले. खांदे गदागदा हालत व्हते. बायका म्हणल्या, फुटला एकदाचा बांध, रडू द्या तिला. राजेंद्र माझ्या उजव्या अंगाला येऊन बसला, पाठीवर हात ठेवला, म्हणला, "आई, रडून घे." आन् तो रडला. तीन दिवस त्याच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, तो लहानपणी रडायचा तसा रडला.

आन् माझ्या डाव्या अंगाला आणखी कोणतरी हसत व्हतं. तोंड मिटून, नाकातनं. मी कान देऊन ऐकलं. तितं नुसती भिंत व्हती.

कोंडूचा हात दोन दिवस हालला नव्हता. मंग कवळी तितं ठेवली कुणी? मागितल्यावर दिली, आन् कोंडूला देता येणार न्हाई अशा वेळी दिली. तवापासनं मला कुणी सांगायला नको देव हसतो का ते.

कवळी मी पेटीत ठेवली न्हाई. उठले असते तर सगळ्यांपुढं हसले असते. कोंडू बोळकं घेऊनच गेला. राजेंद्रनं नंतर दोनदा विचारलं, आई, कवळीचं काय कळलं का. मी न्हाई म्हणलं. ते घर कवळीसकट माझ्या ट्रंकेत हाये. चष्मा तवापासनं बिनघराचा वापरते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पाळक म्हणला, आज वह्या आणा. प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवू, इस्टरपर्यंत तितंच ऱ्हातील. वर मी रुमाल टाकतो, उघडणार कोण न्हाई.

झुंबरबाई वहीला सुतळी बांधून निघाली. तीन गाठी. मी तिला हसले. म्हणलं, देवाला सोडायला किती वेळ लागंल. माझी अशीच देते. आठ दिवस भेट न्हाई.

२० एप्रिल, इस्टर

दुपारचे तीन वाजलेत. वही परत आणली. भाकरी खाल्ली न्हाई.

सकाळी सगळं बरं व्हतं. प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे, म्हणत सगळे एकमेकांना भेटले. मंग पाळक उपदेशाला उभा ऱ्हायला. म्हणला, इस्टर म्हणजे देवानं मरणाची केलेली थट्टा. देवाला विनोद कळतो. आपल्याच मंडळीतल्या एका आजींची गोष्ट सांगतो, नाव सांगणार नाही.

नाव कशाला लागतंय? मंडळीत साठ घरं, आन् कवळी हरवलेला मुडदा एकच.

सांगितली बी चांगली. मेजावर बोटं वाजवून कवळीचा आवाज काढला. त्याच्या गोष्टीतली आजी भोळी, अडाणी, सारखी 'अगं बाई, अगं बाई' करणारी. माझ्या तोंडातनं जन्मात 'अगं बाई' गेलं न्हाई. त्याच्या गोष्टीत देवानं डोळा मारला. माझ्या देवानं कुणाला डोळा मारलेला न्हाई, तसली चाल न्हाई त्याची. देऊळ हसून हसून हाललं. पयल्या बाकावरल्या बायकांनी डोळं पुसलं. वळून वळून माझ्याकडं बघितलं, मायेनं. ती माया नको झाली.

मंग पाळक म्हणला, सगळ्यांना वाटलं आजी रडतायत. मुलालासुद्धा.

राजेंद्र पेटीवर व्हता. बोटं सुरांवर, भाता बंद. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आन् पेटीचं झाकण लावलं. शेवटचं गीत बिनपेटीचं झालं.

बाहेर आले तर त्याची गाडी नव्हती. झुंबरबाईबरोबर लोकलनं मळवलीला उतरले. वाटंत तिनं एकदा बी 'मी सुतळी बांधली व्हती' म्हणून दाखवलं न्हाई. म्हणली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन वही उघडली. चार एप्रिलच्या पानावर पेन्सिलनं रेघा मारल्यात. कडंला लिवलंय, 'सुंदर! इस्टर.'

२१ एप्रिल, सोमवार

राजेंद्र जेवतो, उठतो, जातो. ताट पुढं केलं तर सुनेकडनं घेतो.

नात अपेक्षा मोबाइल घेऊन आली. उपदेश मंडळीच्या ग्रुपवर आलाय. खाली हसऱ्या तोंडांची रांग. तिनं विचारलं, "आजी, तू खरंच हसलीस?"

"व्हय."

तिनं मोबाइल उलटा ठेवला आन् अभ्यासाला गेली. अकरावीची परीक्षा झालीये तिची. अभ्यास कसला.

२३ एप्रिल, बुधवार

पाळक घरी आला. चिक्कीचा डबा घेऊन. माझ्या तोंडात सहा दात उरलेत.

म्हणला, मावशी, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. कितीतरी लोकांनी फोन करून सांगितलं, आशीर्वाद मिळाला. तुमच्या देवानं लोकांची भीती घालवली. मी नाव घेतलं नाही.

मी म्हणलं, "रुमाल तुमीच टाकला व्हता ना?"

मान खाली. म्हणला, उपदेश सुचत नव्हता. शनिवारी एकटाच देवळात बसलो होतो. वाटलं, एक पान बघावं. सगळ्यात वरची तुमची होती.

"झुंबरबाईची का न्हाई उघडली?"

"गाठी होत्या."

मी चिक्कीचा डबा त्याच्याकडं परत सरकवला. मंग म्हणलं, "पाळकसाहेब, ते हसणं माझं आन् त्याचं व्हतं. तुमी मधी येऊन बसलात आन् तिकिटं लावलीत."

त्याचे डोळे भरले. प्रार्थना करूया म्हणला. मी डोळे मिटले न्हाईत, त्याच्याकडंच बघत ऱ्हायले. पोरगं खरंच भेदरलं व्हतं. माफ केलं म्हणून तोंडानं सांगितलं. ते खोटं हाये, म्हणून हितं लिवून ठेवते.

आन् तू. तू मेजावरच व्हतास ना? रुमाल उचलला तवा कुटं बघत व्हतास? तुझ्याशी बी बोलणार न्हाई.

२७ एप्रिल, रविवार

देवळात गेले न्हाई. चाळीस वर्षांत पयल्यांदा.

दुपारी राजेंद्र माझ्या खोलीत आला आन् उभाच ऱ्हायला. म्हणला, "कवळी कुठं आहे?"

ट्रंकेतनं चष्म्याचं घर काढून दिलं. त्यानं उघडलं, बघितलं, मिटलं. परत उघडलं. मंग खाली बसला.

"मीच ठेवली होती यात," म्हणला.

नर्सनं कवळी काढून त्याच्या हातात दिली, म्हणे. ओली. कुठं ठेवावी कळेना. माझा चष्मा माझ्या डोळ्यावर, घर स्टुलावर पडलेलं. त्यात टाकली, घर माझ्या पिशवीत टाकलं, आन् डॉक्टरनं हाक मारली. मंग जे झालं त्यात साफ विसरून गेला. परवा पाळकाच्या तोंडून चष्म्याचं घर ऐकलं तवा आठवलं.

म्हणला, "त्या बाईला मी चोर म्हणालो, आई. सगळ्या वॉर्डापुढं. आणि तुला माहीत होतं की चोरीला गेली नाही."

मी ट्रंकेचं झाकण लावत बसले. 

"बाबा गेले त्या दिवसातलं मला एकच बरं आठवतं. आपण दोघं रडलो ते. सहा वर्षं मी तेवढं धरून होतो."

"तू रडलास की."

"म्हणजे एकटाच."

मंग दारापर्यंत गेला आन् वळला. म्हणला, "तुझा पदर ओला होता. चिंब. मी हात लावला होता."

मी म्हणलं, "हसताना बी पाणी येतं."

बघत ऱ्हायला. गेला.

आता तुला शेवटचं विचारते, मंग न्हाई बोलणार. म्हणजे ते तू न्हाईस? मी मागितली, तू दिली न्हाईस? पोरगं विसरलं आन् मी सहा वर्षं सगळ्या बायकांना सांगत सुटले, हसतो की, लय हसतो? पाळकानं माझी गोष्ट चोरली, पण गोष्ट तरी व्हती. तू ती बी ठेवली न्हाईस.

मंग त्या दिवशी माझ्या डाव्या अंगाला हसलं कोण?

मघाशी ओट्यावर जाऊन बघितलं. कोण न्हाई. माशा.

४ मे, रविवार

अक्षर मोठं येतंय, ओळी वर-खाली जातायत. कारण खाली येईल.

बुधवारी राजेंद्र सुट्टी काढून तळेगावला जाऊन आला. ती आया आता कामाला न्हाई. कुटं गेली कुणाला ठाऊक न्हाई. नाव बी नीट कुणी सांगंना. आल्यावर मला एवढंच म्हणला, सापडली नाही. ते दोघांच्या डोक्यावर ऱ्हाणार.

आज म्हणला, कवळी बाबांना देऊन येऊ. उपासना सुटल्यावर कबरस्तानात गेलो. पाळक फाटकापर्यंत आला, येऊ का म्हणून विचारलं. विचारलं, एवढं शिकला. राजेंद्र नको म्हणला.

ऊन मरणाचं. राजेंद्र कबरीच्या डोक्याकडं खुरप्यानं उकरत व्हता, माती दगडासारखी. मी चष्म्याचं घर उघडलं. कवळी तशीच, दात काढून. घामानं दिसंना, म्हणून चष्मा काढला, पदरानं डोळं पुसलं. घामच व्हता. राजेंद्र म्हणला, "दे." मी घर मिटून त्याच्या हातात दिलं. त्यानं हातभर खाली ठेवलं, माती लोटली, वर पायानं दाबली. मंग पाय ठेवला म्हणून ओशाळला.

प्रार्थना कोण करणार हे ठरंना. त्याचं मन न्हाई, माझं देवाशी बोलणं बंद.  तसेच आलो. गाडीवर त्यानं खांद्याला धर म्हणलं. पंधरा दिवसांनी बोललेला पयला साधा शब्द.

घरी येऊन वही घेतली आन् चष्मा शोधला. फळीवर बघितलं, उशीखाली बघितलं. फळीवर परत बघितलं. कपाळावर हात फिरवला. तोंडातनं शिवी गेली, सवयीची. राजेंद्र ओट्यावरनं म्हणला, काय शोधतेस?

"चष्मा."

"शेवटचा कुठं काढला होतास?"

मी सांगितलं, कबरीपाशी, घाम पुसायला. मंग काय केलंस? मंग काय करणार. कोंडू व्हता तवर वीस वर्षं जे केलं तेच. चष्म्याच्या घरात, कवळीवर ठेवला आन् घर मिटलं.

ते त्याला मी सांगितलं तवा मला बी कळलं.

त्यानं विचारलं, उद्या जाऊन उकरायचं का. मी म्हणलं ऱ्हाऊ दे. म्हणला, नवा करू. मी म्हणलं करू. मंग त्यानं भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले आन् मान खाली घातली. त्याचे खांदे हालायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ गेले. तोंड मिटलेलं, आवाज नाकातनं येत व्हता.

मी त्याच्या शेजारी बसले. पदर तोंडाला लावला, तो धुळीसाठी.

मी हसले न्हाई.